चूल, बंब आणि शेकोटी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लाकूड जाळून रांधणे, पाणी तापवणे आणि ऊब मिळवणे या विषयावर मुंबईतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे या अंकात उत्तरांसह देत आहोत. मुंबईत घरोघरी गॅस आला असला, तरी गावच्या घरातून, डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून आणि थंडीतल्या शेकोट्यांतून लाकडाचा जाळ आपल्या आयुष्यात अजून आहे, हे या पत्रांवरून दिसते.

प्रश्न : निवृत्तीनंतर वर्षातले सहा-सात महिने संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी राहण्याचा विचार आहे. तेथे गॅस आहे, तरी सासूबाई रोजचा भात, कुळथाचे पिठले आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच करतात. स्वयंपाकघर धुराने काळे झाले आहे. जुनी चूल मोडून बिनधुराची चूल घालावी असे मला वाटते, परंतु सासूबाईंचे म्हणणे असे की, धुरामुळेच घराचे वासे इतकी वर्षे टिकले. आम्ही काय करावे?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : धूर म्हणजे न जळलेले इंधन, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की चुलीविषयीचे बरेचसे प्रश्न सोपे होतात. लाकूड तापू लागले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाला दिसते ती या वायूंची असते. शेवटी उरलेला कोळसा निखारा होऊन संथपणे जळतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा वायूंच्या रूपाने बाहेर पडतो. ते पुरते जळायचे, तर सुमारे ६०० अंशांच्या वरचे तापमान, पुरेशी हवा आणि भांड्याच्या गार बुडाला टेकण्यापूर्वी ज्वालेला मोकळी जागा, या तिन्ही गोष्टी लागतात. यांतली एक जरी कमी पडली, तरी त्या वायूंचा धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. साध्या मातीच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्यापर्यंत पोहोचते, त्याचे एक कारण हे आहे.

म्हणून नवी चूल घालण्याआधी सरपणाकडे पाहावे, असे मी सुचवीन. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २,३०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. ओले लाकूड धुमसते ते यामुळे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणायचा, तर लाकूड नुसते तोडून ठेवून भागत नाही, ते फोडावे लागते, कारण सालीतून पाणी फारसे बाहेर पडत नाही. कोकणात यासाठी पौष-माघातच लाकडे फोडून, उन्हावाऱ्यात मोकळी रचून, मृगापूर्वी पडवीत किंवा मांगरात जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवावीत. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला आणि टोकांना चिरा पडलेल्या दिसल्या, तर लाकूड वाळले असे समजावे. मनगटाएवढ्या जाडीची लाकडे चुलीला पुरेत. त्याहून जाड ओंडके रोजच्या स्वयंपाकात धुमसत राहतात. करवंट्या आणि चुडते, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, पेटवणीला उत्तम, मात्र नारळाची सोडणे कोरडी असतील तरच वापरावीत.

आता चुलीविषयी. चांगल्या चुलीत लाकूड जाळीवर असते, त्यामुळे खालून हवा मिळते आणि राख आपोआप खाली पडते. जाळाची जागा अरुंद आणि उंच असावी. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी ज्या तत्त्वावर 'रॉकेट' चूल बनवली, ते हेच आहे : आडव्या तोंडातून लाकूड आत सरकवायचे, आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या उभ्या नळीतून ज्वाला वर खेचली जाऊ द्यायची. येथे एका समजुतीविषयी सावध करतो. चुलीच्या भिंती जितक्या जाड, तितकी उष्णता राखली जाते, असे बहुतेकांना वाटते. परंतु जड माती आधी स्वतः तापते, आणि तासाभराच्या स्वयंपाकात जाळाचा मोठा वाटा तीच गिळते. जाळाच्या भोवती हलका, सच्छिद्र थर असावा. चाळलेली राख भरलेली पोकळी हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. भांडे चुलीच्या तोंडावर असे बसावे की गरम वायू त्याच्या बुडाला आणि अंगाला घासून जातील. भांड्याभोवती एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची फट पुरते.

धुराडे मात्र हवेच. कितीही चांगली चूल पेटवताना आणि विझताना धूर करतेच, आणि पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात. धुराड्याचे तोंड कौलांच्या वर दोन-तीन फूट काढावे, वर पावसाची टोपी असावी, आणि नळी जेथे वाशांजवळून जाते तेथे पत्र्याचे रुंद कडे घालून लाकूड आणि नळी यांत अंतर राखावे. महिन्या-दोन महिन्यांनी नळीतली काजळी काढता येईल असे झाकण खाली ठेवण्यास गवंड्याला आधीच सांगावे, कारण तुंबलेल्या धुराड्याची चूल साध्या चुलीहून अधिक धूर घरात सोडते. केंद्र सरकारने १९८३-८४ पासून जवळपास दोन दशके सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला आणि तीन कोटींहून अधिक चुली घरोघर घातल्या. त्यांतल्या पुष्कळशा अल्पावधीतच बंद पडल्या, त्या तुंबलेल्या धुराड्यांमुळे, भांड्यांशी न जुळणाऱ्या तोंडांमुळे आणि दुरुस्तीला कोणी नसल्यामुळे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेसारख्या ज्यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले, त्यांच्या नमुन्यांवरून गवंड्याकडून चूल घालून घ्यावी. धातूची तयार चूल घेणार असाल, तर आयएस १३१५२ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावी. पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी, अशी त्यात अट आहे.

सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. धुराने वाशांतली कीड आणि भुंगे दूर राहतात, आणि चुलीवरच्या माळ्यात बियाणे व सुकी मासळी टिकते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु वाशांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे द्रावण मारून घेता येते. फुप्फुसांसाठी तसा काही उपाय नाही. जुनी चूल लगेच मोडू नका. नवी चूल शेजारी घाला, आणि ती घालताना सासूबाईंच्या बसण्याची उंची, त्यांची भांडी आणि त्यांची वैलाची सवय, म्हणजे एकीकडे भात शिजताना दुसरीकडे कालवण ऊन राहण्याची सोय, हे सर्व गवंड्याला त्यांच्याच तोंडून सांगू द्या. जिला रोज चुलीपुढे बसायचे आहे, तिला विचारल्याशिवाय घातलेली चूल टिकत नाही.

प्रश्न : माझी आई सावंतवाडीजवळच्या गावी चाळीस-पंचेचाळीस वर्षे चुलीवर रांधत आली. विडी-सिगारेटला ती कधी शिवली नाही. आता तिला चार पायऱ्या चढताना दम लागतो, आणि येथील डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याच्या फुप्फुसांच्या जुनाट विकाराचे, निदान करून त्याचे कारण चुलीचा धूर असावे असे सांगितले. हे खरे असू शकते का? आणि आता चूल सोडून काही उपयोग आहे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : होय, खरे असू शकते. धूम्रपान न करणाऱ्या भारतीय स्त्रियांत या विकाराचे चुलीचा धूर हे एक प्रमुख कारण आहे. धुरातले २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकातल्या केसांनी वा घशातल्या कफाने अडत नाहीत, ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. घराबाहेरील हवेत या कणांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे भारताचे मानक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा तर १५ आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत जातो, आणि फुंकणीने जाळ फुंकणाऱ्या बाईचे तोंड त्या धुराच्या सर्वांत जवळ असते. याच संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत फुप्फुसाच्या विकारांबरोबरच हृदयविकार, पक्षाघात आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांचा समावेश आहे. मोतीबिंदूचाही या धुराशी संबंध आहे.

झालेली हानी भरून येत नाही, हे आपल्याला स्पष्ट सांगणे भाग आहे. तरीही चूल सोडण्याचा उपयोग निश्चित होतो : पुढची झीज मंदावते आणि दम उसळण्याचे प्रसंग कमी होतात. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून करायची तपासणी, झाली नसल्यास करून घ्या, आणि फवाऱ्याची औषधे बरे वाटले म्हणून बंद करू नका. आई मुंबईत आपल्याकडे असताना उदबत्ती, धूप आणि मच्छर अगरबत्ती यांचाही धूर तिच्या खोलीत नको. ती गावी परतणार असेल, तर तिच्या आधी गॅस पोहोचलेला असावा.

प्रश्न : आम्ही भांडुपला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतो. घरात पाच माणसे. सिलिंडर महिनाभर पुरवायचा म्हणून अंघोळीचे पाणी आम्ही घराबाहेर तीन विटांच्या चुलीवर तापवतो. बांधकामावरून मिळालेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, जुन्या खिडक्यांच्या चौकटी, जे मिळेल ते जाळतो. धुराने डोळे फार चुरचुरतात. काय बदल करावा?
— एक वाचिका, भांडुप

उत्तर : आपण घराबाहेर चूल ठेवली आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र आपण जे जाळता, त्यात काही वस्तू अशा आहेत की त्या आजपासूनच बंद कराव्यात. प्लायवूड आणि भुशाचे बोर्ड ज्या डिंकाने चिकटवलेले असतात, त्यातून जळताना फॉर्मल्डिहाइड निघते. डोळे चुरचुरण्याचे ते एक मोठे कारण असणार. जुन्या चौकटींवरच्या रंगात शिसे असू शकते, आणि ते धुरातून व राखेतून अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर येते. हिरवट झाक असलेले, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूड तर मुळीच जाळू नये, कारण त्यात आर्सेनिक असू शकते आणि ते राखेत उरते. पेटवणीला प्लास्टिकची पिशवी किंवा रेक्झिनचा तुकडाही वापरू नका. बिनरंगाची देवदारी खोकी, झाडाच्या वाळक्या फांद्या आणि साध्या लाकडाच्या फळ्या चालतील. माल उतरवण्याच्या लाकडी पॅलेटवर 'एचटी' ही इंग्रजी अक्षरे छापलेली असतील, तर ते लाकूड केवळ तापवून कीडमुक्त केलेले असते. 'एमबी' असेल, तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते आणि ते चुलीपासून दूर ठेवावे.

सरपणासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाऊ नका. तेथून लाकूड आणणे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने, विशेषतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, वाकून काटक्या वेचणारे माणूस धोक्यात असते.

आता हिशेब पाहू, कारण आपला खरा प्रश्न सिलिंडरचा आहे. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १,०७० किलोज्यूल उष्णता लागते. गॅसवर त्यासाठी साधारण ४० ग्रॅम गॅस जातो. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या, तर दिवसाला २०० ग्रॅम आणि महिन्याला सहा किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा चार दशांशांहून अधिक भाग केवळ अंघोळीला जातो. आपण पाणी गॅसवर का तापवत नाही, ते यावरून पुरते कळते. तीन विटांच्या चुलीवर त्याच एका बादलीला सुमारे ६०० ग्रॅम कोरडे लाकूड लागते. जाळी आणि आडोसा असलेल्या चुलीवर त्याच्या निम्म्यात काम होते. म्हणून तीन विटांच्या जागी, वाऱ्याच्या बाजूने बंद आणि खाली जाळी असलेली लोखंडी चूल घ्यावी, पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवावे, आणि पाणी उकळवून त्यात गार पाणी मिसळण्याऐवजी लागेल तेवढेच तापवावे, म्हणजे सरपणही निम्मे आणि धूरही त्या मानाने कमी होईल.

घरात अधिकृत वीजमीटर असेल, तर आणखी एक पर्याय आहे. विजेच्या कांडीने एका बादलीला सुमारे एक तृतीयांश युनिट लागते. कांडी चांगल्या मानकाची, अर्थिंगच्या तीन पिनांच्या सॉकेटवर लावलेली असावी, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. आपल्या दारी रोज धूर होतो, त्यात आपला निष्काळजीपणा नाही; महिन्याच्या खर्चाची ओढाताण आहे. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी मिळू लागली, परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि दर महिन्याला भरलेला सिलिंडर परवडणे वेगळे, हे धोरण ठरवणाऱ्यांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे रखवालदार डिसेंबर-जानेवारीत फाटकाजवळ शेकोटी पेटवतात. तिच्यात लाकडाबरोबर पालापाचोळा आणि कधी कचराही जातो. खालच्या मजल्यावरच्या वृद्धांना त्रास होतो, पण माणसांना थंडीत कुडकुडत बसा असे सांगणेही योग्य वाटत नाही. मार्ग सुचवावा.
— सोसायटीचे एक सचिव, गोरेगाव

उत्तर : हिवाळ्याच्या रात्री मुंबईत जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वाराही मंदावतो. त्यामुळे पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात जो धूर वाऱ्यावर निघून गेला असता, तो पहाटेपर्यंत तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळतो. कचरा आणि पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच देशभर मनाई केली आहे.

मुंबईची थंडी मोठी नाही. सांताक्रूझ येथे नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. एरवी जानेवारीतल्या रात्री सहसा १६-१७ अंशांच्या आसपास असतात. परंतु पातळ गणवेशात, उघड्या फाटकाशी, वाऱ्याच्या झोतात रात्रभर बसलेल्या माणसाला सतरा अंशही बोचतात. तेव्हा मनाई करण्याआधी सोय करा : दार लागणारी चौकी, जाड जॅकेट आणि कानटोपी, पाय जमिनीवर न टेकता ठेवता येतील अशी फळी, आणि ८०० वॉटचा एक विजेचा हीटर. तो सहा तास चालला, तरी रात्रीला पाच युनिटांहून कमी वीज लागेल, आणि हा खर्च सोसायटीने करावा. तो रखवालदारांच्या पगारातून कापण्याचा विचारही नको. शेकोटी बंद झाल्यावर कोणी घमेल्यात निखारे घेऊन चौकीत दार लावून बसणार नाही, याची मात्र आवर्जून खात्री करा. त्यात जिवाला धोका आहे. त्याचे कारण पुढे मनालीच्या पत्राला दिलेल्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : लाकडाच्या भट्ट्या बंद करण्याविषयीचा न्यायालयाचा आदेश घरगुती चुलीलाही लागू होतो का? आमच्या गावठाणात सणाला आणि लग्नकार्यात अंगणात चुलाण पेटते.
— एक वाचक, माहीम

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील हवेच्या प्रदूषणाविषयी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत जो आदेश दिला, तो लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या, उपाहारगृहे आणि तत्सम व्यवसायांविषयी होता, त्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असे त्यात म्हटले होते. अंगणातल्या प्रासंगिक चुलाणाचा त्यात विचार नव्हता. तरी दाट वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली चुलाण पेटवणे योग्य नाही, त्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. भाताची आणि मटणाची मोठी पातेली गॅसच्या मोठ्या शेगडीवर चढवावीत. चुलीची खरी चव ज्यात उतरते ती आरावर शेकलेली भाकरी. तिला ज्वाला लागतच नाही, धगधगते निखारे लागतात, आणि चांगल्या पेटलेल्या निखाऱ्यांना धूर जवळपास नसतो. तेवढे उघड्या अंगणात खुशाल करावे.

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त मनालीला असते. तिच्या भाड्याच्या घरात खोली तापवण्यासाठी लाकडावर चालणारा पत्र्याचा तंदूर आहे, त्याची नळी भिंतीतून बाहेर गेली आहे. जानेवारीत आम्ही उभयता तिच्याकडे राहायला जाणार आहोत. रात्रभर तो पेटता ठेवला तर चालेल का? आम्हाला अशा थंडीची आणि अशा साधनाची मुळीच सवय नाही.
— एक ज्येष्ठ दांपत्य, बोरिवली

उत्तर : झोपण्यापूर्वी तो विझू द्यावा, हे आधी सांगतो, आणि मग कारणे. लाकूड वा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असतानाही शरीर आतून गुदमरते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, विलक्षण गळून जाणे, ही लक्षणे थकव्याची वा उंचीवरच्या विरळ हवेची समजून माणूस पांघरूण घेऊन झोपतो, आणि धोका तेथेच असतो. घरातल्या सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर शंकेला जागा ठेवू नये : दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर यावे आणि डॉक्टर गाठावा. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. अंगीठीला नळीच नसते, म्हणून ती खोलीत कधीही नको.

नळीचा तंदूर त्याहून पुष्कळ सुरक्षित आहे, पण नळी नीट असेल तरच. गेल्यागेल्या मुलीला या गोष्टी तपासायला सांगा. नळीचे सांधे घट्ट आहेत का, या मोसमात ती आतून साफ केली आहे का, आणि बाहेरचे तोंड बर्फाने बुजत तर नाही ना. रात्री लाकूड पुष्कळ टिकावे म्हणून हवेची पट्टी पार बंद करून तंदूर धुमसत ठेवण्याची पद्धत असते. तीच सर्वांत वाईट. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर गार नळीत थिजून डांबरासारखा चिकट थर धरतो, त्याने नळी अरुंद होते, आणि पुढे कधी जाळ मोठा झाला की तो थरच नळीत पेटतो. त्याऐवजी कोरड्या, फोडलेल्या लाकडाचा लहान पण खेळता जाळ संध्याकाळी दोन-तीन तास ठेवावा, भिंती आणि फरशी तापू द्यावी, निखारे विझत आले तरी हवेची पट्टी आणि नळी उघडीच ठेवावी, आणि रात्री रजईवर भर द्यावा. कोळसे लालसर दिसत असताना नळी बंद करणे हे विषाला खोलीत बोलावण्यासारखे आहे.

खिडकी दोन बोटे उघडी ठेवली तर उष्णता जाते अशी तक्रार मुलगी करील. तरी ठेवा, कारण तंदूर खोलीतलीच हवा ओढत असतो. पडदे, रजया आणि वाळत घातलेले कपडे त्यापासून किमान तीन फूट दूर असावेत. तंदुरावर पाण्याचे पातेले ठेवल्यास हवा फार कोरडी होत नाही, आणि चहाचे पाणीही तयार असते. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे लहान यंत्र मुंबईत विकत घेऊन सोबत न्या, चालते का हे बटण दाबून पाहा, आणि झोपण्याच्या खोलीत लावा. या प्रवासाच्या सामानात स्वेटरांइतकेच ते आवश्यक आहे.

प्रश्न : आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब आमच्या चाळीतल्या घरी आहे. तो पुन्हा वापरात आणण्याची इच्छा आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बंबाची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. जाळ मधल्या नळीत पेटतो आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी असते, त्यामुळे चुलीवर हंडा ठेवला असता बाजूने निघून जाणारी उष्णता येथे पाण्यातच उतरते. थोड्या ढलप्यांत किंवा करवंट्यांत पाणी कढत होते. परंतु त्याच नळीतून धूर वर खोलीत किंवा सज्जात निघतो, आणि सामायिक सज्जाच्या चाळीत तो शेजाऱ्यांच्या घरात जाणार. जुन्या न्हाणीघरांना वर झरोके असत. आताच्या फरशी लावून, काचेने बंद केलेल्या न्हाणीघरात पेटलेला बंब नेणे म्हणजे वर सांगितलेलाच धोका. चाळीतल्या लाकडी जिन्यांचा आणि माळ्यांचा विचार केला, तर आगीचे भयही आहे.

तेव्हा गिरगावात तो पेटवू नये असेच मी म्हणेन. गावी उघडी पडवी असेल, तर तेथे न्यावा. वापरण्यापूर्वी पाणी भरून एक रात्र ठेवावा आणि कोठे पाझरतो का ते पाहावे, तोटी साफ करून घ्यावी, आणि पाणी भरल्यावाचून त्यात जाळ कधीच घालू नये, कारण कोरडा तापला की सांधे सुटतात.

प्रश्न : गावच्या चुलीची राख मुंबईतल्या कुंड्यांना घालावी का?
— एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : थोडी घालावी. लाकडाच्या राखेत मुख्यतः चुन्याचे क्षार आणि काही प्रमाणात पालाश असते. नत्र मात्र जळून गेलेले असते, म्हणून ती शेणखताची जागा घेत नाही. राख चांगलीच अल्कधर्मी असते. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीला ती मानवते, परंतु कुंडीतल्या थोड्या मातीत लगेच जास्त होते. मध्यम कुंडीला वर्षातून एक-दोनदा चमचा-दीड चमचा चाळलेली राख मातीत मिसळून पाणी द्यावे. अनंत आणि अझालिया यांना देऊ नये, त्यांना आम्लधर्मी माती लागते. रंगवलेल्या लाकडाची वा प्लायवूडची राख कुंडीत नको, विशेषतः मिरची, कोथिंबीर यांसारख्या खाण्याच्या रोपांना. आणि गावाहून निघताना ती पिशवीत भरण्यापूर्वी धातूच्या डब्यात झाकून निदान दोन दिवस ठेवावी. राखेच्या पोटात निखारा पुष्कळ काळ जिवंत राहतो, आणि एसटीच्या सामानात तो कोणाच्या लक्षात येणार नाही.